पाणवठ्याला कुलूप

शिरूर,
९ सप्टेंबर २०२५

जॉर्ज,

तू मला व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस. फोन लावला तर लागत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही ते विसरून नव्हे. सलाम मात्र घे. तो मला तुझ्या आईनं शिकवला, तुझा त्यात काही वाटा नाही.

समेट करायला लिहितोय असं समजू नकोस. काम आहे, आणि ते तुझ्या बहिणीचं आहे.

रूथचा 'पाणवठा' बंद पडलाय. आज अठरावा दिवस. गेम उघडायला गेलं की काळा पडदा येतो, मधे पिवळं कुलूप आणि खाली एक ओळ : 'या प्रतीची यंत्रमर्यादा संपली आहे.' बास. पुढं काही नाही. कंपनीला सात मेल केले. पण ती 'खडीसाखर गेम्स' जूनमध्येच गुंडाळली. माणसं गेली, ऑफिस गेलं, आणि कुलूप तपासणारं मशीन तेवढं कुठंतरी चालू ठेवून गेले. म्हणजे मालक गाव सोडून गेलाय आणि पहारेकरी दारात उभा, तोही बहिरा.

ही विकत घेतलेली प्रत आहे हे तुला आठवत असेलच. मार्च तेवीस. तेव्हा आपला गेमझोन एकत्र होता. तू म्हणालास, "दाजी, अक्काला मी फुकट लावून देतो की. कुलूप तोडलेली प्रत पडलीय माझ्याकडं." मी म्हणालो, माझ्या घरात तोडलेली प्रत येणार नाही. तेव्हापासून आपलं जे चालू आहे ते चालू आहे. तुझं म्हणणं, कुलूप फक्त विकत घेणाऱ्याला छळतं, चोर तर खिडकीतून जातो. माझं म्हणणं, कुलूप नसेल तर गेम बनवणारा जेवणार काय. त्यावर दीड वर्ष भांडून आपण झोन वाटून घेतला, तू दौंडला गेलास आणि 'भीमा-घोड गेमर्स' ग्रुपमधून मी तुला काढलं. नियम होता आणि मी अॅडमिन होतो. असो.

गेम गेला तर दुसरा लावा, असं तू म्हणशील. लावले. चार लावले. ती बघतसुद्धा नाही. आणि तिचा हात तुला माहीत आहे. अर्धांगाचा झटका आला तेव्हा पुण्याला तूच घेऊन गेलास. डॉक्टरनं दाबायला दिलेला रबरी चेंडू तिनं तिसऱ्या दिवशी खिडकीतून भिरकावला. तो डावा हात कशानं हलायला लागला तर पाणवठ्यानं. डाव्या अंगठ्यानं कंट्रोलरची दांडी ढकलायची आणि गेममधल्या बाईला विहिरीवर न्यायचं. पहिल्या महिन्यात एक घागर आणायला तिला दहा मिनिटं लागायची. आता चौसष्ट घरांचं गाव आहे. होतं. देवळाचा सांगाडा गेममध्ये मिळतो, चर्चचा मिळत नाही, म्हणून धान्याच्या कोठारावर घंटा टांगून तिनं त्याचं चर्च केलंय. नदीवर धुणं धुणाऱ्या म्हातारीला तुमच्या आईचं नाव आहे.

गेले अठरा दिवस तो हात मांडीवर पडून असतो. कप धरायला गेली तर परवा बशीसकट गेला.

मला तुझी तोडलेली प्रत नको. त्या कंपनीत काम केलेलं कुणी तुझ्या ओळखीत असेल तर नाव कळव, एवढंच.

आणि ते यादीचं प्रकरण. फेब्रुवारीत कंपनीनं 'चोरांची यादी' म्हणून तुझ्या झोनचं नाव पत्त्यासकट छापलं, ते कुणी कळवलं मला माहीत नाही. आधी सांगितलं तेच पुन्हा सांगतो. यावर जास्त लिहीत नाही.

जॉन्सन


शिरूर,
१७ सप्टेंबर २०२५

जॉर्ज,

उत्तर नाही. बरं.

इथून दौंड साठेक किलोमीटर. पत्र आधी पुण्याला जातं, तिथं बसतं, मग दौंडला येतं. तू वाचून फाडलंस की अजून पोचलंच नाही, हेही मला कळायला मार्ग नाही. तरी लिहितो, कारण इथं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही.

परवा झोनमध्ये सभाच भरली. इनामगावचा म्हस्कू आला होता, बाजारात कांदा विकून, पट्टी घेऊन. तुझा चाहता आहे तो, पण गेम विकत घेतो. त्याच्या वस्तीवर नेटची एक काडी येते, तीही घराच्या आत नाही. आणि पाणवठा उघडताना दर वेळी नेट मागतो, प्रत खरी आहे का ते विचारायला. म्हणून हा माणूस लॅपटॉप काखेत मारून पाण्याच्या टाकीवर चढतो, वर गेम उघडतो आणि झाकण उघडं ठेवूनच शिडीवरून खाली येतो. झाकण मिटलं की पुन्हा टाकी.

"पैसं म्या दिलं," तो म्हणाला, "आन् टाकीवर बी म्याच चढायचं? जॉर्जमामाकडची पोरं बगा, फुकटात खेळत्यात, पंख्याखाली बसून."

प्रांजल तिथंच होती. तिला तू ओळखत नाहीस, तू गेल्यावर आली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि स्वतः एक गेम बनवतेय, कपाशीच्या जिनिंगवर. खुर्ची फिरवून म्हणाली, "काका, तुमचा कांदा रात्रीत कुणी उपटून नेला तर?"

"मंग म्या कुत्रं पाळीन. पन त्ये कुत्रं मलाच चावाया लागलं तर त्याला भाकर घालू काय?"

"कुत्रं चावतं म्हणून वावर मोकळं सोडाल? मी दोन वर्षं घासतेय. पहिल्या दिवशी कुणी तोडून वाटला तर मी काय करू?"

"तू कर की गं कुलूप. पन किल्ली मला बी दे. म्या घेतलंय ना इकत!"

"किल्ली दिली की तुम्ही भाच्याला देणार."

"व्हय, देनार! ट्रॅक्टर देतो भाच्याला, गेम न्हाई द्यायचा?"

झालं. नऊ जण होते, नऊही उठून उभे राहिले. निम्मे म्हस्कूकडून, निम्मे प्रांजलकडून, आणि एक जण नुसता शिट्ट्या मारायला. मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. ज्या विषयावर मी तुला ग्रुपमधून काढलं, त्या विषयावर माझ्याच झोनमध्ये माझा आवाज कुणाला ऐकू येईना.

आतल्या खोलीतून रूथ आली. दारात उभी राहून म्हणाली, "दोघंबी खरं बोलतात, म्हणून तर ऐकवत न्हाई." आणि आत गेली. दार उजव्या हातानं लावून घेतलं.

आता मुद्दा. तू मागच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस, म्हणजे कंपनीतलं कुणी तुझ्या माहितीत नसावं. तेव्हा एक विचारतो. मागत नाही, विचारतोय. पाणवठ्याची ती मोकळी केलेली प्रत अजून तुझ्याकडे आहे का? आहे की नाही एवढंच. असली तरी मी घेईनच असं नाही. तिला सांगणार तर नाहीच. पास्टरची मुलगी आहे ती. 'चोरी करू नको' या आठव्या आज्ञेवरून माझी तपासणी करील.

आणि कंपनीबद्दल मागच्या वेळी जरा जास्तच लिहिलं गेलं. कुलूप खुळं झालंय असं वाटलं होतं. तसं अगदी शंभर टक्के नाही. पुढं कधी सांगेन.

जॉन्सन


शिरूर,
२७ सप्टेंबर २०२५

जॉर्ज,

पेनड्राइव्ह मिळाला. म्हस्कू दौंडला ट्रॅक्टरचा पंप आणायला आला होता, त्याच्या हाती तू पाठवलास. सोबतची चिठ्ठीही मिळाली. 'दाजी, चोराकडून घेताय, हात धुऊन घ्या.' पाच वर्षांनीसुद्धा माणूस विसरणार नाही असंच तू लिहितोस.

घेतला. होय, घेतला.

रूथ गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेला जाते, तेव्हा बसवला. म्हटलं ती यायच्या आत चालू करून ठेवावा, विचारलं तर कंपनीनं दुरुस्त केला म्हणून सांगावं. गेम उघडला. कुलूप नाही, काही नाही, बासरी वाजली, नदी दिसली. माझ्या अंगावरनं ओझं उतरलं. मग बघतो तर काठावर घर नाही. एकही नाही. नुसतं रान आणि नदी.

प्रांजलला फोन केला. ती म्हणाली, काका, तो गेम मोकळा केलाय, पण काकूंचं गाव ज्या फाइलमध्ये आहे ती फाइल त्यांच्या विकतच्या प्रतीनं सीलबंद केलेली आहे. तोडलेल्या प्रतीला ती वाचता येत नाही. कुलूप उघडेल तेव्हाच गाव दिसेल. हे सांगताना तिचा आवाज जरासा खुशीत होता असं मला वाटलं. कदाचित नसेल.

तेवढ्यात रूथ आली. प्रार्थना लवकर संपली, पास्टरबाईंना ताप होता.

पडदा चालू आहे हे तिनं बघितलं. पिशवी ठेवली, खुर्चीवर बसली, कंट्रोलर घेतला. डावा अंगठा दांडीवर ठेवायला उजव्या हातानं बोटं उचलून ठेवावी लागली, आणि हे ऑगस्टपर्यंत लागत नव्हतं जॉर्ज. बाईला चालवत चालवत तिनं पुलाच्या जागेपर्यंत नेलं. मग कोठाराच्या जागेपर्यंत. मग नदीवर. धुण्याचा दगड होता, म्हातारी नव्हती.

"लोक कुठायत?" तिनं विचारलं.

मी तिला काय सांगितलं ते तुला सांगत नाही. खोटं होतं. तुला मात्र खरं सांगतो, कारण तुला खोटं सांगून आता मला काही मिळायचं नाही.

कंपनीचा दोष थोडा आहे, माझा जास्त आहे. एका विकतच्या प्रतीला पाच मशीन चालतात, हे डब्यावर लिहिलेलं होतं. मला वाटलं, आपलं तर एकच मशीन. पण माझी पद्धत तुला माहीत आहे. नगर रोडवर पंक्चरच्या टपरीत अकरा वर्षं काढलीत मी. ट्रकचं चाक एका जागी ठेवलं की एका बाजूनं झिजतं, म्हणून चाकं फिरवायची. झोन काढला तेव्हा दहा मशीन होती, त्यांना मी दहा चाकी ट्रकच्या चाकांची नावं दिली, पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं आतलं. दर तीन-चार महिन्यांनी ग्राफिक्स कार्डं इकडची तिकडं, रॅम तिकडची इकडं, कधी आख्खा मदरबोर्ड. तू हसायचास. पण आपली मशीन सगळ्या तालुक्यात टिकली, तेही तुला मान्य करावं लागायचं. तू चार घेऊन गेलास तेव्हा दहा चाकीची सहा चाकी झाली, पण फिरवणं मी सोडलं नाही.

घरचं मशीन, रूथचं, ती स्टेपनी. स्टेपनीही फिरवायची असते, नाहीतर कुजते.

बोर्ड किंवा कार्ड बदललं की कुलपाला वाटायचं हे नवीन मशीन. अडीच वर्षांत मी पाचही मशीन संपवली आणि मला पत्ता नाही. बावीस ऑगस्टला गल्लीतला विजेचा डीपी उडाला, जास्तीचा दाब आला, रूथचा बोर्ड जळाला. मी दुसरा बसवला. सहावं मशीन. पिवळं कुलूप. काही फिरवलं नसतं तर ते जेमतेम दुसरं ठरलं असतं.

एवढं लिहिलं तर राहिलेलंही लिहितो, पुन्हा पेन हातात घ्यायचं धाडस होईल न होईल.

यादीत तुझं नाव मी घातलं. कंपनीला मेल मीच केला. झोनचं नाव, पत्ता, रेल्वे फाटकाजवळची खूण, सगळं मी दिलं. ते चारचौघांत छापतील असं वाटलं नव्हतं. शाळेचं कॉम्प्युटरचं काम तुझ्या हातून गेलं, चर्चमध्ये लोकांनी विचारलं, हे मला म्हस्कूकडून कळलं. मी तत्त्वासाठी केलं असं स्वतःला सांगत होतो.

हे पत्र रूथला दाखवू नकोस.

जॉन्सन


शिरूर,
६ ऑक्टोबर २०२५

जॉर्ज,

दाखवू नकोस असं लिहिलं होतं. तू दाखवलं नाहीस, फोनवर वाचून दाखवलंस. अख्खं. ती स्पीकर लावून स्वयंपाकघरात ऐकत होती आणि मी बाहेर झोनमध्ये. मला तुझा आवाज ओळखू आला, आणि मग मजकूरही. गिऱ्हाइकानं विचारलं, "आप्पा, घाम का आला?"

बाहेर आली ती काय म्हणाली असेल? मला वाटलं होतं मेलवरून सुरुवात करील. नाही.

"माझ्या मशीनचं नाव स्टेपनी?"

म्हटलं, अगं नाव म्हणजे...

"अडीच वरीस मी स्टेपनीवर बसून गाव बांधलं आन् तुमी खालून चाकं काढत होता."

मग मेलचं. त्यावर ती एकच वाक्य बोलली. "माझ्या भावाचं नाव यादीत घातलं आन् माझ्या ताटात जेवत राहिला." त्यानंतर सहा दिवस माझ्याशी जे बोलायचं ते ती प्रांजलमार्फत बोलते. त्या पोरीला मधे उभं करून. "प्रांजल, काकांना सांग भाजीत मीठ हाय." प्रांजल मला सांगते. मी दोन हातांवर आहे जॉर्ज. मी ऐकलेलं असतं.

तर, तू तिला सांगितलेली युक्ती मला प्रांजलमार्फत कळली. प्रांजलनं ती दोनदा तपासली आणि बरोबर आहे म्हणाली, तुझं कौतुकही केलं, ते मी इथं लिहीत नाही. मला समजलं ते असं : कुलपानं पाच मशीन नोंदवलेली आहेत आणि त्यातलं कुठलंही जसंच्या तसं पुढं आलं तर ते अजूनही ओळखेल. चारांत जळालेला बोर्ड आहे, ती गेली. राहिलं पहिलं, म्हणजे गेम घेतला त्या दिवशी होतं तसं. त्या दिवशीचं कार्ड मला इथंच सापडलं, मागच्या उजव्यात होतं. त्या दिवशीचा बोर्ड तेवीसच्या उन्हाळ्यात मी झोनमधल्या एका मशीनला लावला होता, आणि गेल्या दिवाळीत तू चार मशीन घेऊन गेलास त्यातल्या एकात तो दौंडला गेला.

तो जळाला नसेल, विकला नसशील, तर एवढं कर. चारही उघडून बघ. मी काढलेल्या प्रत्येक वस्तूवर मूळ जागा लिहितो, टायरवर मारायच्या पिवळ्या रंगानं. बोर्डाच्या कोपऱ्यात 'स्टे' असं असेल. तू त्यावर धूळ साठू दिली असशील, ब्रश मार.

तो तुझ्या चालू मशीनमधून काढावा लागेल, म्हणजे तुझं एक मशीन बंद. बदल्यात मी इथला पुढचा डावा बोर्ड देतो. तुझ्याकडच्यापेक्षा बरा आहे. नको म्हणू नकोस, उगाच चिडचिड होते.

माफीबद्दल. रूथचं म्हणणं, तुझी माफी पत्रात मागून चालायची नाही. यादी सगळ्यांनी वाचली, तर हेही सगळ्यांनी वाचलं पाहिजे. दोनशे चौदा माणसांच्या ग्रुपवर. मी म्हटलं, आधी गेम तर चालू होऊ दे. यावर प्रांजल आत जाऊन आली आणि म्हणाली, "काकू म्हणतात, बरं."

ते 'बरं' मला आवडलेलं नाही.

जॉन्सन


शिरूर,
१७ ऑक्टोबर २०२५

जॉर्ज,

तू रविवारी आलास, बोर्ड आणलास, तीन तास बसलास. त्यात माझ्याशी तू एकूण चार वेळा बोललास. "बारका स्क्रू." "टॉर्च." "सरका." आणि निघताना, बूट घालताना, "दाजी, चाकं फिरवायची बंद करा." मी मोजतो, माझी खोड आहे.

तुझी एसटी सव्वापाचची होती म्हणून पुढचं तुला माहीत नाही. गाव उघडलं, बासरी वाजली, चौसष्ट घरं दिसली, तू अक्काच्या डोक्यावर हात ठेवलास आणि पळालास. तुला वाटलं असेल मागं आता सगळं गोड झालं.

तू गेल्यावर तिनं कंट्रोलर घेतला, टेबलावर ठेवला, त्यावर रुमाल टाकला.

"आधी लिवा," म्हणाली. माझ्याशी. प्रांजल नव्हती.

म्हटलं, रूथ, हात बघ तुझा. आधी खेळ, मी लिहितोच आहे.

"माझा हात मधी घालू नका. तो माझा हाय. तुमी तुमचं बोट हालवा."

सोमवार, मंगळवार, बुधवार. मशीन मी बंदच केलं नाही. बंद केलं आणि पुन्हा ओळखलं नाही तर? इन्व्हर्टर लावून ठेवला. दिवसभर ते गाव पडद्यावर उघडं. लोक येरझाऱ्या घालतायत, कोंबड्या फिरतायत, गेम बंद असला तरी आत दिवस जातच असतात, त्यामुळं सात आठवड्यांचं गवत कमरेएवढं माजलंय, पुलाची एक फळी पडलीय, आणि ते नीट करायला कुणी जात नाही. रूथ समोर बसून बघते. रुमालाला हात लावत नाही. मी मजकूर लिहितो, खोडतो. काय काय लिहिलं! 'काही गैरसमजातून.' 'तत्कालीन परिस्थितीत.' 'अॅडमिन या नात्याने.' एक मसुदा प्रांजलला दाखवला तर ती म्हणाली, "काका, हे वाचून जॉर्जमामांनीच तुमची माफी मागावी असं वाटतं."

बुधवारी संध्याकाळी रूथ चहा आणायला उठली. कप उजव्या हातात, बशी डाव्या हातात. बशी हलत होती. चहा सांडत सांडत टेबलापर्यंत आणला, ठेवला, पदरानं पुसलं. तोंड माझ्याकडं केलं नाही.

मी फोन घेतला आणि लिहिलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता टाकलं. तोवर तू ग्रुपमध्ये नव्हतास, म्हणून खाली उतरवून देतो. एक शब्द बदललेला नाही.

'सर्वांना सलाम. मी जॉन्सन, अॅडमिन. फेब्रुवारीत खडीसाखर कंपनीच्या चोरांच्या यादीत दौंडच्या जॉर्जचं नाव आलं. ते मी कळवलं होतं. कुणी विचारलं की मला माहीत नाही म्हणत होतो, ते खोटं होतं. तो माझा मेहुणा आहे. मी तत्त्वासाठी केलं नाही. जानेवारीत कुलपावरून वाद चालला होता तेव्हा जॉर्ज इथं नव्हता, पण त्याचं एक वाक्य कुणीतरी इथं टाकलं : "दाजींना गेममधलं काय कळतंय, ते पंक्चरवाले." त्याखाली सत्तेचाळीस जणांनी हसणारे चेहरे टाकले. मी मोजले. दुसऱ्या दिवशी मी मेल केला. कारण एवढंच आहे.

माझ्या घरचा विकत घेतलेला गेम त्याच कुलपानं बंद पडला, माझ्याच चुकीनं, आणि तो जॉर्जनं चालू करून दिला. कंपनी बंद झालीय, पुढच्या वेळी दाद मागायला कुणी नाही. म्हणून त्या गेमचं कुलूप कायमचं काढून द्यायला मी त्याला सांगणार आहे. गेमला कुलूप असावं असं मला अजूनही वाटतं. पण ज्यानं लावलं त्यानं किल्ली कुणाच्या तरी हाती देऊन जावं. कुलूप तोडलं म्हणून मी आजवर एकतीस जणांना काढलं. सगळ्यांना परत घेतोय, पहिला जॉर्ज. नियमाप्रमाणं आता मलाही काढायला हवं. कुणाला काढायचं असेल तर काढा, प्रांजलला अॅडमिन केलंय.'

पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. तो टेबलावर गुरगुरत राहिला. म्हस्कूनं लिहिलं, 'आप्पा म्हंजी वाघ हाय, पन माझं टाकीचं काय?' दुसऱ्यानं लिहिलं, घरभेदी. सत्यजीत म्हणून रांजणगावच्या कंपनीतला एक आहे, आजवर माझ्या बाजूनं तावातावानं लिहायचा. तो ग्रुप सोडून गेला. एकीकडं मी चुगलखोर, दुसरीकडं मी फुटलेला. दोन्हीकडच्यांना मी एकाच दिवशी नको झालो. असा माणूस ह्या तालुक्यात दुसरा नसेल. प्रांजलनं मला काढलं नाही, पण कुलूप काढण्याच्या मुद्द्यावर लांबलचक विरोध लिहिलाय. सतरा मुद्दे. तुला उत्तर द्यावं लागेल, मला झेपायचं नाही.

रूथनं तिच्या फोनवर वाचलं. चष्मा लावून, खाली सरकवत, पुन्हा वर नेत.

"सत्तेचाळीस चेहरं मोजलं तुमी?"

"मोजले."

"आन् नावं न्हाई वाचली?"

नावं कशाला वाचायची, म्हटलं.

"त्यात एक माझा हुता."

ती म्हणाली, "हसू आलं मला. जॉर्ज्यानं बरोबर तुमच्यासारखंच तोंड करून म्हटलं असनार, मला डोळ्यापुढं दिसलं. मग हसले. त्यात यादी करन्यासारखं काय हुतं?"

सत्तेचाळीसातल्या एकीच्या हातचं मी तेव्हापासून जेवतोय.

तिनं रुमाल काढून घडी घातली, कंट्रोलर घेतला. डावी बोटं उजव्या हातानं एकेक करून जागेवर ठेवली. बाई हलली, थांबली, गवतात तिरपी गेली, पुन्हा वळली. "किती माजलंय," रूथ म्हणाली आणि विळा घेतला.

आत्ता हे लिहितोय तेव्हा पुलापर्यंतची वाट मोकळी झालीय. मधे अंगठा दुखला म्हणून थांबली होती, मी हात चोळायला गेलो तर म्हणाली, बाजूला व्हा, पडदा दिसत न्हाई.

तुझा दाजी, जॉन्सन